शिंदळ माकुडीची पानं गळाली, झाड गेलं का?

रावपुऱ्याची ताई:
साताऱ्याच्या मावसबहिणीनं दोन वर्षांपूर्वी तिच्या कुंडीतल्या शिंदळ माकुडीचं बोटभर कांडं दिलं. बडोद्यात आमच्या अगाशीवर ते छान रुजलं. भाद्रपदात पहिलं फूल आलं: तांबडी-जांभळी चांदणी, पिवळ्या नक्षीची, रुपयाएवढी. अर्धा तास मी तिथेच बसून होते. दिवाळीनंतर मात्र पानं पिवळी पडू लागली. तहान लागली असेल म्हणून रोज पाणी घातलं. आता एकही पान नाही, नुसती कांडी लोंबताहेत, आणि एक बुडाशी मऊ झालंय. माती आपली इथली काळीच. झाड गेलं का हो?

सज्जनगडाखालचा:
ताई, गेलं नाही, झोपलंय. पाणी आजच बंद करा.
आमच्या गडाच्या कड्यावर मी ती लहानपणापासून बघतोय. शिवनेरी, पुरंदर, महाबळेश्वर, असा सह्याद्रीतला तेवढाच तिचा मुलूख. जगात दुसरीकडे रानात कुठेच उगवत नाही. कातळाच्या भेगेत मूठभर माती, पावसाळा सरला की सगळं ठणठणीत कोरडं. मग ती पानं टाकते आणि मांसल खोडातल्या ओलाव्यावर पुढच्या पावसापर्यंत तग धरते. तिच्या गोतावळ्यातल्या माकडशिंगाला पानं जवळजवळ नसतातच. हिला चांगली ठसठशीत येतात, म्हणून गळाली की जीव घाबरतो.
मऊ भाग पार कापून टाका. निरोगी कांडी चार-पाच दिवस सावलीत सुकवा, मग मुरूम आणि विटांचा चुरा घालून लावा. काळी माती पाणी धरून बसते, तिनंच घात केलाय.
आणि एक कळकळीनं सांगतो: कड्यावरची कुणी उपटून आणू नका. आधीच थोडी उरलीय. कांड्यापासून सहज होते, एकमेकांना कुंडीतलीच द्या.

निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, वाडी:
वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी तिला फ्रेरिया इंडिका हे शास्त्रीय नाव दिलं, ते १८६२ ते १८६७ या काळातले मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. आता बरेच अभ्यासक तिला बूसेरोशिया या प्रजातीत धरतात. मला शिंदळ माकुडीच आवडतं.

रावपुऱ्याची ताई:
काल कापलं. तीन कांडी आतून हिरवीगार निघाली! देवघराशेजारी वर्तमानपत्रावर सुकत ठेवलीत. भाऊ, मे महिन्यातलं आमचं दुपारचं ऊन सोसेल का?

सज्जनगडाखालचा:
दुपारी जाळीखाली ठेवा. पहिला पाऊस पडला की उघड्यावर.