मदत हवी आहे: बेडकाच्या कातडीतल्या द्रव्याने मधुमेहाची जखम भरते का?

नमस्कार मंडळी,

बाबांचं वय ६८, साखर पंधरा वर्षांपासून. उजव्या अंगठ्याखाली घट्टा होता, तिथं आता रुपयाएवढी जखम झाली आहे. पाय बधिर असल्यामुळे ती कधी झाली हेही त्यांना कळलं नाही. एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे, पण दोन महिने होत आले तरी भरत नाही. पायावरचा भार काढल्याशिवाय कुठलंच मलम लागू पडणार नाही, असं सांगून डॉक्टरांनी पायाला प्लास्टर सुचवलंय.

त्यातच रविवारी थोरले काका गावाहून आइस्क्रीमचा डबा घेऊन आले. झाकणाला भोकं, आत ओल्या पाल्यावर खडबडीत पाठीचा भेक (इंग्रजीत टोड). "ह्याची पाठ जखमेवर घास, परदेशात ह्याचंच औषध करतात," म्हणत त्यांनी मोबाइलवर आलेला मजकूर दाखवला. त्यांनी भेक जरा दाबला तर डोळ्यांमागच्या फुगवट्यांतून दुधासारखा चीक आला. मी तो जखमेजवळ येऊ दिला नाही, सोसायटीच्या बागेत सोडून आले. बाबा मात्र तेव्हापासून प्लास्टरला नाही म्हणतात. "आधी हे करून बघू."

रात्री जागून वाचलं, तर मजकुरातलं अर्धं खरं निघालं. अमेरिकेत मायकेल झॅस्लॉफ आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकांवर प्रयोगासाठी शस्त्रक्रिया करून त्यांना टाक्यांसह पुन्हा टाकीत सोडत. पाणी निर्जंतुक नव्हतं, तरी जखमा चिघळत नसत. १९८७ मध्ये त्यांनी कातडीतून जंतू मारणारी पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, वेगळी केली आणि हिब्रूतल्या ढालीच्या शब्दावरून नाव दिलं मॅगेनिन. २३ अमिनो आम्लांची ही साखळी धनभारित असते, जंतूंचं आवरण बाहेरून ऋणभारित. त्यामुळे ती तिथं चिकटते आणि आवरणाला भोकं पाडते.

त्यावरून प्रयोगशाळेत पेक्सिगॅनान नावाचं औषध तयार झालं, तेही नेमकं मधुमेहींच्या पायाच्या जंतुसंसर्ग झालेल्या जखमांसाठी! ८३५ रुग्णांमध्ये त्याचं मलम आणि ऑफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या यांचा परिणाम जवळपास सारखा आला. तरी १९९९ मध्ये अमेरिकेत परवानगी नाकारली गेली, आणि २०१६ च्या चाचण्यांत औषध नसलेल्या मलमापेक्षा ते सरस ठरलं नाही. हे वाचून फार वाईट वाटलं.

आणि काकांनी आणलेल्या भेकाची गोष्टच वेगळी. भेकांच्या त्या चिकात हृदयावर डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखा परिणाम करणारी विषं असतात. उघड्या जखमेवर ती चोळायची? शिवाय बेडकांच्या अंगावर साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो. कुणाच्या घरी असा सल्ला आला असेल तर कृपा करून थांबवा.

फार्मसी किंवा जैवरसायनात काम करणाऱ्यांना विचारायचंय: जंतू मारणं वेगळं आणि जखम भरून येणं वेगळं ना? चीनमधल्या एका सॅलॅमँडरच्या (बेडकाच्याच जातकुळीतला, पण शेपटीवाला प्राणी) कातडीतलं टायलोटॉइन हे १२ अमिनो आम्लांचं पेप्टाइड उंदरांच्या जखमा लवकर भरतं, पेशींना जखमेकडे सरकायला लावतं, असं वाचलं. असं काही माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलंय का? कुठं रीतसर चाचणी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून बाबांचं नाव द्यायची माझी तयारी आहे.

आणि ज्यांच्या घरी पायाला असं प्लास्टर घातलं होतं त्यांनी जरूर लिहा. किती आठवडे ठेवलं, संडासला जाणं कसं जमवलं, आतून त्रास झाला का? माझं बाबा ऐकत नाहीत, पण ज्याच्यावर बेतलंय त्याचं ऐकतील. गुरुवारी दवाखान्यात जायचंय, त्याआधी तुमची उत्तरं त्यांना वाचून दाखवीन.