नानांची शुगर उतरतच नाही, इन्सुलिन उन्हाने खराब झालं असेल का?

यावलची सून
नमस्कार. माझे सासरे (आम्ही नाना म्हणतो) ६४ वर्षांचे. शुगर अकरा वर्षांपासून, इन्सुलिन तीन वर्षांपासून. ३०/७० ची (मिश्र इन्सुलिनची) बाटली, सकाळी १८ युनिट, संध्याकाळी १२. होळीपर्यंत उपाशीपोटी १३०-१४० यायची. आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) २४० च्या खाली येत नाही. जेवण तेच, कळण्याची भाकरी आणि भाजी. आंब्याची फोडसुद्धा मी मोजून देते.

केळीची कटाई असली की नाना पहाटेच मळ्यात जातात. न्याहारी तिथेच, म्हणून बाटली मोटरसायकलच्या डिकीत. केळीची गाडी भरेपर्यंत दुपार होते. घरी फ्रीज आहे, पण लाइट गेली की चार-चार तास येत नाही.

काल बाटली ट्यूबलाइटसमोर धरली. हातात घोळवली तरी काचेला आतून पांढरे कण चिकटलेले, नासलेल्या दुधासारखे. नाना म्हणतात, "काही होत नही वं माय, एक्स्पायरी पुढच्या सालची आहे." आणि मला न सांगता त्यांनी सकाळचा डोस २४ केलाय. काय करू?

भुसावळवाला
ताई, ती बाटली आजच टाका. पण मला खरी भीती त्या २४ ची वाटते. नवी बाटली आणाल, तिच्यात पूर्ण ताकद असेल आणि नाना सवयीने २४ च भरतील. तसं करू देऊ नका. आधी डॉक्टरांना फोन करून डोस विचारा.

माझं दोन वर्षांपूर्वी हेच झालं. मे महिना, मीही मनानेच आठ युनिट वाढवले होते. नवी बाटली उघडली त्याच रात्री तीनला जाग आली. बनियन घामाने पिळून निघेल असं भिजलेलं, हात थरथरत होते, मिसेसचं नाव आठवेना. तिने तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांनी मशीनवर ६१, तेव्हा पुन्हा पाजली. ती जागी झाली नसती तर... नानांजवळ कोणीतरी झोपत जा.

आता मी माठ वापरतो. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात झाकणाच्या डबीत बाटली, वरून ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल तिथे. बाहेर ४४ असताना आत थर्मामीटरवर २७ दिसलं होतं.

सिस्टर, चोपडा
भाऊंचं बरोबर आहे. एक्स्पायरी ही फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवलेल्या, न उघडलेल्या बाटलीची असते. उघडलेली साधारण चार आठवडे, तीही गारव्यात. उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा. बर्फाच्या कप्प्यात कधीच नको, एकदा गोठलं की ते वाया गेलं. लाइट गेल्यावर फ्रीज उघडझाक करू नका.

अजून दोन गोष्टी बघा. नानांच्या पोटावर बोटं फिरवा. रोज एकाच जागी सुई घेतली की गाठी होतात आणि तिथून इन्सुलिन नीट लागत नाही. आणि बाटली ४० ची (एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट) असेल तर सिरिंज लाल टोपणाचीच हवी. आमच्याकडे एक आजोबा १०० च्या सिरिंजने भरत होते, डोस निम्म्याहून कमी जायचा.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात साखर-पाणी काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.

यावलची सून
सिस्टर, गाठ निघाली! बेंबीच्या उजवीकडे, लिंबाएवढी. नाना म्हणाले, तिथे दुखत नाही म्हणून तिथेच घेतो. मला रडू आलं, तीन वर्षं मी कधी बघितलंच नाही.

डॉक्टरांनी फोनवर पुन्हा १८ आणि १२ सांगितलं, गाठीची जागा सोडून, आणि आठवडाभर रोज तपासायला. नवी बाटली परवा उघडली. पहाटे तीनलाही तपासली, ११८ होती. आज उपाशीपोटी १७२.

सासूबाईंनी लोणच्याची जुनी बरणी रिकामी करून त्यात वाळू भरली होती. भाऊ, ती चिनी मातीची, तिला पाणी पाझरत नाही. उद्या बाजारातून साधं मडकं आणते.