मदत हवी आहे: मुलांच्या वहीसाठी चांगले प्रश्न सुचवा

फोंड्याची_आई:
मुलांनी मनातलं घरच्यांना सांगावं म्हणून मे महिन्यात दोघांना एकेक वही आणली. वर मी प्रश्न लिहायचा, खाली त्यांनी उत्तर. 'आजचा दिवस कसा गेला?', 'आज काय नवीन शिकलात?' असे. आधी पानंच्या पानं भरायची. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यापासून दोघांचं उत्तर एकच: 'बरा गेला.' माझ्याकडचे प्रश्न संपले. पन्नासेक तरी सुचवा, दिवाळीच्या सुट्टीआधी हवेत.

डिचोलीकर:
मुलं केवढी आहेत? लिहितात कुठल्या भाषेत? हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

निवृत्त_शिक्षिका:
प्रश्न राहू देत, आधी चार रेघी वही आणि शाईचं पेन द्या. बॉलपेननं अक्षराचं वळण बिघडतं, असं माझं मत. मी ३४ वर्षं शिकवलंय.

फोंड्याची_आई:
मुलगी नववीत, मुलगा चौथीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी कोंकणी. वहीत मात्र मराठीच, ती सुटायला नको. अक्षर दोघांचंही चांगलं आहे हो, बाई. मला प्रश्न हवेत.

अंत्रुजकर:
इथंच घोडं अडलंय. भांडतात कोंकणीत, परीक्षा देतात इंग्रजीत आणि मन मोकळं करायचं ते मराठीत! जी भाषा तोंडात येईल ती लिहू द्या, एका ओळीत तिन्ही आल्या तरी चालेल.

पेडण्याचा_वाचक:
म्हणजे मराठी सोडायची? गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्यानं कोंकणीला राजभाषा केलं, पण सरकारी कामात मराठीची सोयही ठेवली. घरातूनच ती गेली तर कायदा काय करणार? मुलांना पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात न्या. १८३२पासूनचं ग्रंथालय आहे, तिथं मराठी पुस्तकं भरपूर मिळतील.

अंत्रुजकर:
मराठी सोडा असं मी म्हटलेलंच नाही. मनातलं लिहिताना मुलांना शब्द शोधत बसायला लावू नका, एवढंच म्हणणं आहे.

डिचोलीकर:
भाषेचा वाद दुसऱ्या धाग्यावर घाला. ताई, वही वाचतं कोण?

फोंड्याची_आई:
मीच वाचते, अजून कोण? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लाल पेननं सुधारते. चवथीला घर भरलेलं होतं, तेव्हा मुलीनं आजीवर लिहिलेलं पान कौतुकानं सगळ्यांना वाचून दाखवलं. फार सुंदर लिहिलं होतं.

डिचोलीकर:
तिला विचारून?

फोंड्याची_आई:
नाही. ती उठून माडीवर गेली. मला वाटलं, लाजली.

तिसवाडीची_मावशी:
बाय, प्रश्न कमी पडलेले नाहीत. तिला वाटलं होतं की पान तुझ्यापुरतं आहे, आणि ते पोचलं गावभर. धाकट्यानंही ते बघितलं. मी मानसशास्त्र शिकवते. पेनेबेकर आणि बील यांचा १९८६चा प्रयोग वर्गात नेहमी सांगते. विद्यार्थ्यांनी लागोपाठ ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टींवर लिहिलं. ज्यांनी घटनेबरोबर भावनाही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण ते लिखाण घरच्यांना दाखवायचं नव्हतं. म्हणून दोन वह्या ठेव. एक त्यांची स्वतःची, तिला हात लावायचा नाही. दुसरी घरातल्यांनी आळीपाळीनं लिहायची, पहिलं पान तुझं. लाल पेन नको.

दोघं खातात-झोपतात नीट ना? तिथं बदल दिसत असेल तर वहीवर थांबू नकोस. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

फोंड्याची_आई:
खाणं-झोप ठीक आहे. पण मी लिहू तरी काय?

तिसवाडीची_मावशी:
जे त्यांना विचारशील तेच. माझ्या घरात चाललेले प्रश्न देते. 'घरातले सगळे तुझ्याबद्दल काय समजतात, जे खरं नाही?' 'माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळा-रानफळांची चौकट) बांधताना तुला कधीच न मिळालेलं कुठलं काम हवंय?' माझ्या मुलानं लिहिलं होतं, 'कांगलां (माटोळीची रानफळं) आणायला बाबांबरोबर रानात जायचंय, दर वर्षी दादालाच नेतात.' बारा वर्षं एका घरात राहून आम्हाला हे ठाऊक नव्हतं. मोठीला 'तुला काय वाटतं' असं सरळ विचारू नकोस. 'तुझ्या वयाची असताना मी आईपासून काय लपवलं' हे तू लिही, आणि खाली जागा सोड. धाकट्याला चित्र काढायला सांग: बसमध्ये तू कुठं बसतोस, शेजारी कोण?

निवृत्त_शिक्षिका:
लाल पेनचं मला पटत नाही. चूक वेळीच दाखवली नाही तर ती पक्की होते.

अंत्रुजकर:
बाई, ते निबंधाच्या वहीत दाखवा ना. इथं पोर आईशी बोलतेय.

फोंड्याची_आई (आठ दिवसांनी):
पन्नास प्रश्न नकोत आता. मुलीची माफी मागितली, जुनी वही तिला परत दिली. धाकट्यानं कदंब बसचं (गोव्याच्या एसटीचं) चित्र काढलं. खिडकीशी तो, शेजारची जागा कोरी. विचारलं तर म्हणाला, त्याचा दोस्त जूनपासून दुसऱ्या बसनं जातो. तीन महिने मी रोज 'दिवस कसा गेला' विचारत होते. सामायिक वही फ्रीजवर ठेवली होती. काल मुलीनं त्यात एकच ओळ लिहिली: 'आदीं तूं बरय, कोंकणींत. आनी आजयेक वाचून दाखोवं नाका.' (आधी तू लिही, कोंकणीत. आणि आजीला वाचून दाखवू नकोस.) रात्रीची भांडी आवरून आता तेच लिहायला बसतेय.