मदत हवी आहे: स्कूबासाठी पाण्याखालचा टॉर्च कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरचे, त्यामुळे समुद्राशी संबंध सुट्टीपुरताच. माझं आणि लेकीचं ओपन वॉटर सर्टिफिकेट झालंय, 18 मीटरपर्यंतचं. जानेवारीत अंदमानला, स्वराजद्वीपला जातोय. तिथे इन्स्ट्रक्टरसोबत एक नाईट डाईव्ह करायची आहे, आणि दिवसा लेकीला अ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर व्हिडिओ काढायचाय.

घोडं अडलंय टॉर्चपाशी. जेल रोडवर एक मिळतोय, खोक्यावर ठळक अक्षरांत "वॉटरप्रूफ, 10000 लुमेन" (लुमेन म्हणजे उजेडाचं माप), आणि किंमत इतकी कमी की मलाच शंका आली. भावोजी म्हणतात, "उजेड तो उजेड, त्यात काय बघायचं?" लेकीने ऑनलाईन जो पसंत केलाय त्याच्या किमतीत घरात नवा मिक्सर येईल.

नाईट डाईव्हला किती लुमेन पुरतात? व्हिडिओला तोच टॉर्च चालेल का? दोघींत एक पुरेल? आणि सेल विमानात नेऊ देतात का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (हो, मुद्दामच लिहिलंय.)

पाणकावळा:
ताई, तो खोका दुकानातच राहू द्या. आयपी 68 (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) किंवा वॉटरप्रूफ म्हणजे डाईव्हिंगचा टॉर्च नव्हे. दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. 18 मीटरवर तो पृष्ठभागाच्या जवळपास 2.8 पट असतो. टॉर्चवर खोली मीटरमध्ये लिहिलेली हवी, आणि ती तुमच्या डाईव्हपेक्षा बरीच जास्त.

लुमेनच्या आकड्यामागे धावू नका, आधी बीमचा, म्हणजे झोताचा, कोन बघा. नाईट डाईव्हला 10-15 अंशांचा अरुंद झोत आणि 800-1000 लुमेन भरपूर झाले. असा झोत लांब पोचतो, कपारीत आत डोकावता येतं आणि खुणाही स्पष्ट दिसतात. तळावर झोताने सावकाश गोल काढला की "ठीक आहे", आडवा हलवला की "इकडे लक्ष द्या", जोरजोरात हलवला की "अडचण आहे". रुंद झोतात या खुणा विरून जातात. बडीच्या, म्हणजे जोडीदार डायव्हरच्या, तोंडावर मात्र झोत मारू नका, पुढची काही मिनिटं त्याला काही दिसत नाही.

प्रत्येकीकडे स्वतःचा टॉर्च हवाच, शिवाय एक छोटा बॅकअप. यात काटकसर नको. मुख्य टॉर्च डाईव्ह सेंटरवर भाड्याने मिळतो का ते आधी विचारून घ्या, एका रात्रीसाठी दोन विकत घेण्यात अर्थ नाही.

निमाडी:
व्हिडिओचं मी सांगतो. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषतं. पाच-दहा मीटरवर लाल पोवळं मातकट दिसायला लागतं, म्हणून दिवसाही लाईट लागतो. पण लाईटचा उजेड वस्तूपर्यंत जाऊन परत कॅमेऱ्यापर्यंत येतो, त्या दोन्ही वाटांवर लाल कमी होत जातो. म्हणजे रंग उठून दिसणार ते मीटर-दीड मीटरच्या आतलेच. लांबच्या कासवावर कितीही लुमेन मारा, ते निळंच राहणार.

व्हिडिओला 100-120 अंशांचा पसरट लाईट घ्या. अरुंद झोताने मधोमध पांढरा ठिपका उमटतो आणि बाकी सगळं काळोखात. लाईट कॅमेऱ्याला चिकटून नको, हातभर दांडीवर बाजूला लावा. नाहीतर पाण्यातले कण उजळून चित्रात बर्फ पडल्यासारखं दिसतं. तारकर्लीला गढूळ पाण्यात याचा फार त्रास होतो. लाईट लावलात तर कॅमेऱ्याचा लाल फिल्टर काढा, नाहीतर जवळचे मासे कुंकू लावल्यासारखे येतात.

पाणकावळा:
सेलचं राहिलं. सुटे लिथियम सेल चेक-इनमध्ये नाही, केबिन बॅगेतच, प्रत्येक सेलची टोकं झाकून. 18650 चा सेल (अशा टॉर्चमधला गोल लिथियम सेल) साधारण 12-13 वॉट-अवरचा असतो, मर्यादा 100 ची, त्यामुळे ती काळजी नको. पण सेल टॉर्चमध्ये ठेवून नेऊ नका. बॅगेत चुकून चालू झाला तर हे टॉर्च भयंकर तापतात, त्यांना पाण्यात थंड राहण्याची सवय. एअरलाईनला आधी विचारलेलं बरं.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार! बॅकअप विकत, मुख्य टॉर्च भाड्याने, आणि व्हिडिओ लाईट लेकीच्या वाढदिवसाच्या पैशांतून, असं ठरलंय. एकच विचारते, ओ-रिंगला (झाकणाच्या रबरी रिंगला) घरातलं व्हॅसलीन चालेल का?

पाणकावळा:
नको. टॉर्चसोबत सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब येते, तेच लावा, तेही रिंग चकाकेल इतकंच. थापलं तर वाळू चिकटते. झाकण लावण्याआधी रिंगवरून बोट फिरवून बघा, एक केस अडकला तरी पाणी आत जातं. डाईव्हनंतर टॉर्च बंदच ठेवून गोड्या पाण्यात बुडवा, आणि पुरता कोरडा झाल्यावरच उघडा.