होमस्कूलिंगची कोणती पद्धत घ्यावी? ख्रिस्ती घर, खेडेगाव, आई मराठी मीडियमची

दारव्ह्याची_आई

जय ख्रिस्त सगळ्यांना. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडं एका खेड्यात राहतो, सात एकर शेती, कापूस तूर अन् थोडं सोयाबीन. थोरला ८ वर्षांचा, धाकटी ५ ची. गावच्या शाळेत चारही वर्ग एकाच खोलीत बसतात म्हणून मागच्या वर्षी इंग्लिश मीडियमला टाकलं, तर व्हॅन सकाळी साडेसहाला यायची अन् पोरगं चार वाजता घरी, जेवता जेवता झोपून जायचं आणि संध्याकाळची घरची प्रार्थना तर बंदच पडली. त्या प्रार्थनेचंच मला जास्त लागलं. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात सांगितलंय ना, वचन लेकरांना घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना शिकवत जा, ते आम्हाला खरंच करायचंय, नुसतं रविवारच्या संडेस्कूलपुरतं नाही. म्हणून शाळेत न घालता घरीच शिकवावं म्हणतो.

पण मोबाईलवर पाहायला बसलं की डोकं गरगरते. कोणी म्हणते शार्लट मेसन, कोणी क्लासिकल, कोणी म्हणते पुस्तिकांचा सेट मागवा, कोणी म्हणते पद्धतच नको, लेकराच्या मनानं चालू द्या. सगळं इंग्रजीत. मी बारावी, मराठी मीडियम, इंग्रजी वाचता येते पण समजावून सांगता येत नाही. खेड्यात राहून कोणी केलंय का? आणि दहावीचं कसं? सासरे रोज एकच विचारून राहिले, "सर्टिफिकेट कोण देईन?"

मेळघाटवाली

ताई, मी तीन वर्षांपासून करून राहिले, पोरगा ९ चा अन् पोरगी ७ ची. आमचं शार्लट मेसनच्या धर्तीवर आहे. ही इंग्लंडची बाई, १८४२ ते १९२३, स्वतः विश्वासात पक्की, आणि तिचं मूळ म्हणणं असं की लेकरू हे जन्मापासूनच पुरतं माणूस आहे, भरायचं रिकामं मडकं नाही. ऐकायला इंग्रजी वाटते पण करायला गेलं तर आपल्या घरात सहज बसते. धडा लहान, १५-२० मिनिटांचा. चांगलं पुस्तक एकदाच वाचायचं आणि लेकरानं लगेच आपल्या शब्दात सांगून दाखवायचं. प्रश्नोत्तरं नाही, रिकाम्या जागा नाही. आणि दिवसाचा बराच वेळ बाहेर.

मागच्या पावसाळ्यात मी निंदायला बसली होती, पोरगा बाजूच्या तासात. सकाळी बायबलातली दावीद अन् गल्याथची गोष्ट वाचून झाली होती, त्या दांडग्या गल्याथाशी लढायला दावीद पाच गोटे घेऊन गेला ती, म्हटलं सांग आता. तर हा उठला, नाल्यावर गेला, पाच गोटे निवडून आणले, धुऱ्यावर ओळीनं मांडले अन् सांगायला लागला. एक गोटा फेकला, गल्याथ पडला. मग थांबला अन् म्हणे, आई, चार उरले ना, ते त्यानं कायले घेतले होते? मले उत्तर नव्हतं. त्यानं स्वतःच म्हटलं की त्याला माहीत नव्हतं ना एकातच काम होईन म्हणून, तरी गेला. इतकं वचन माझ्या दहा वर्षांच्या संडेस्कूलच्या पाठांतरानं मला समजलं नव्हतं.

हे सगळं मराठीत होते बरं का. सांगून दाखवणं लेकराच्या भाषेतच पाहिजे, म्हणून तुमचं मराठी मीडियम ही अडचण नाहीच. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, बालभारतीचाच किशोर मासिक आहे १९७१ पासूनचा, त्याचे जुने अंक ऑनलाईन आहेत, आमच्या घरी ते वाचून वाचून पोरं भांडतात. निसर्गाची वही ठेवा. पळस फुलला कधी, मोह गळायला कधी लागला, तारीख टाकून चित्र काढायचं. त्यात एक पैसा लागत नाही.

वर्धेचा_शेतकरी

ताई, आम्ही पुस्तिकावाली पद्धत दीड वर्ष केली, सांगतो. प्रत्येक विषयाच्या वर्षाला १२ पुस्तिका, लेकरू स्वतः वाचते, स्वतः लिहिते, उत्तरपत्रिका पाहून स्वतः तपासते, प्रत्येक पानावर वचन. आईबापाले वेळ नसला तर फार सोयीची आहे, हे खरं. पण सगळी इंग्रजी अन् त्यातले डॉलर, बर्फ, बेसबॉल. माझी पोरगी तपासायच्या आधीच उत्तर पाहून लिहायची. रागावलो, मग लक्षात आलं की तिले प्रश्नच समजत नव्हता. त्या रात्री बायको खूप रडली. बंद केलं.

आता सकाळी प्रार्थना, एक तास वाचन, मग गणित शेतातलं. कापूस टोबताना दोरीवर खुणा करायला लावतो, दोन झाडात इतकं अंतर तर एकरात झाडं किती. वेचणीचं वजन तीच वहीत लिहिते, मजुरीचा हिशोब तीच करते. आमच्या वर्ध्यातच १९३७ साली गांधीजींनी परिषद घेऊन नई तालीम मांडली, हातानं काम करत शिकायचं, मातृभाषेतून. बायबलातला पौल तंबू शिवायचा, प्रभू येशू सुताराच्या घरात वाढला, मले तर यात काहीच परकं वाटत नाही.

क्लासिकलले घाबरू नका. लहानपणी पाठांतर, थोडं मोठं झालं की तर्क, मग नीट बोलणं लिहिणं, इतकंच आहे ते. पाढे अन् स्तोत्रं पाठ करून घेता ना? मग पहिला टप्पा सुरूच आहे. त्यात लॅटिन भाषाही शिकवतात, त्या भानगडीत पडू नका.

निवृत्त_गुरुजी

मुली, तुझ्या सासऱ्यांचा प्रश्न रास्त आहे, त्यांना टाळू नकोस. जिल्हा परिषदेत नोकरी केली म्हणून सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. घरी शिकवण्याची सोय त्यात वेगळी लिहिलेली नाही, त्यामुळे शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करायला शिक्षक दारात येतील. त्यांच्याशी भांडू नका, वह्या दाखवा, म्हणून तारखेसह वह्या जपून ठेव. त्याच कायद्याने मूल परत शाळेत आलं तर वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं, टीसी नाही म्हणून अडवता येत नाही. म्हणजे परतीची वाट बंद होत नाही.

दहावीला एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा आहे, वय किमान १४ पूर्ण, पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, मराठीतूनही देता येते. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या त्यांच्या ए, बी, सी पातळ्या आहेत. आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरूनही बाहेरून बसता येतं. सासऱ्यांना हे कागदावर लिहून दे.

एक मात्र मनातलं बोलतो. वचन शिकवायला शाळा सोडलीच पाहिजे असं मला वाटत नाही, आणि घरी ठेवलंत तर गावातल्या पोरांपासून लेकरू तोडू नका. आपली मंडळी गावात चार घरांची, त्यात शाळाही गेली तर तो खेळायला कोणाकडे जाईल? संध्याकाळी मैदानात पाठवाच. बाकी घरच्या शिक्षणाला कमी लेखू नकोस. पंडिता रमाबाईंचं संस्कृत कुठल्या शाळेतलं नाही, त्यांच्या आईने शिकवलेलं. त्याच बाईंनी पुढे मूळ भाषा शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं.

दारव्ह्याची_आई

गुरुजी, ताई, भाऊ, तिघांचंही रात्री ह्यांना वाचून दाखवलं. सासऱ्यांनी "परत घ्यावं लागते" हे दोनदा विचारलं अन् मग चहा मागितला, म्हणजे अर्धं जमलं.

असं ठरवलं की तुर्तास नाव गावच्या शाळेत घालायचं, त्या मॅडम चांगल्या आहेत, आणि दिवाळीच्या सुट्टीत रोज सकाळी दोन तास घरी करून पाहायचं, वाचणं अन् सांगून दाखवणं. वेचणी तेव्हाच राहते, तर वजनाची वही पोराकडे देईन. जमलं तर पुढच्या जूनचं बोलू.

मेळघाटवाली ताई, एक विचारायचं राहिलं. धाकटी पाचचीच आहे, थोरला सांगतो तेव्हा ती मधेमधे बोलते अन् तो चिडते. तुम्ही दोघांना सोबत बसवता की वेगवेगळं?

मेळघाटवाली

सोबतच. पण लहानी आधी सांगते, मोठा मागून. तिच्याकडून जे सुटलं ते तो भरतो, मग चिडत नाही. अन् सहा वर्षांच्या आत तुमच्या धाकटीला धडा म्हणून काही देऊ नका, बाहेर खेळू द्या, कानावर पडते ते पुष्कळ आहे.