'रोम'चा दुसरा सीझन का विरतो?

वैजू_नेपथ्य
मी गेली १८ वर्षं नाटकांचं नेपथ्य करते. ऐतिहासिक मालिका लावली की नजर आधी भिंतींवर जाते. परवा ज्युलियस सीझरच्या आणि त्याच्यानंतरच्या रोमवरची 'रोम' (एचबीओ-बीबीसी, २००५-०७) दुसऱ्यांदा बघून संपवली. पहिल्या १२ भागांवर सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाल्याचं वाचलंय आणि तो पैसा पडद्यावर दिसतो. रोममधल्याच चिनेचित्ता स्टुडिओत उभारलेलं शहर, रंगवलेली देवळं, चाळीसारख्या इमारतीत राहणारा सैन्यातला अधिकारी व्होरेनस, भिंतींवर खरडलेली चित्रं.

पहिल्याच भागातली लढाई घ्या. व्होरेनस शिट्टी फुंकतो, पुढच्या रांगेतला दमलेला शिपाई बाजूने मागे सरकतो आणि मागचा ताज्या दमाचा पुढे येतो. मागच्याने पुढच्याचा पट्टा घट्ट धरलेला. तेवढ्यात रोमची शिस्त कळते, कुणाला भाषण द्यावं लागत नाही.

दुसऱ्या सीझनला तेच शहर, बरीचशी तीच माणसं. तरीही सहाव्या भागापासून माझं मन उडालं. पैसे कमी पडले का? तुम्हाला काय वाटतं?

सह्याद्रीचा_वारा
वैजूताई, पैसा नाही, वेळ कमी पडला. दुसऱ्या सीझनचं लेखन अर्ध्यावर असताना पुढचे सीझन होणार नाहीत असं कळल्याचं निर्माते ब्रूनो हेलर यांनी नंतर सांगितलं. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसच्या मृत्यूवर दुसरा सीझन संपवायचा, तिसरा-चौथा इजिप्तमध्ये, असा मूळ बेत होता. ते सगळं शेवटच्या भागांत कोंबावं लागलं. पहिल्या सीझनमध्ये इ.स.पू. ५२ ते ४४, म्हणजे आठ वर्षांना १२ भाग. दुसऱ्यात त्यापुढच्या जवळपास १४ वर्षांना १०.

आणि सेटला आग लागली म्हणून मालिका बंद पडली असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. चिनेचित्ताची आग ऑगस्ट २००७ची, शेवटचा भाग मार्चमध्येच येऊन गेला होता.

मुग्धा_ठाणे
मला खटकलं ते सीझरचा वारस ऑक्टेव्हियनचं. पहिल्या सीझनमध्ये मॅक्स पर्किस काही न बोलता नुसता बघत बसायचा, तरी धाक वाटायचा. दुसरा सीझन अर्धा व्हायच्या आतच त्याच्या जागी सायमन वूड्स येतो. नट वाईट नाही, पण त्या मुलाचा सम्राट होताना बघायचं राहून गेलं. मात्र शेवटच्या भागातला जेम्स प्युअरफॉयचा अँटनी, सीझरचा सेनानी, मी कुणाला नावं ठेवू देणार नाही. रडले होते मी.

वैजू_नेपथ्य
मुग्धा, अँटनीबद्दल शंभर टक्के. मीही रडले.

वाऱ्याचं वाचून काल सहावा भाग परत लावला. ठार मारायच्या माणसांच्या याद्या, वक्ता-राजकारणी सिसेरोचा मृत्यू आणि ऑक्टेव्हियन-अँटनी विरुद्ध ब्रूटस-कॅशियस अशी फिलिप्पायची लढाई, हे सगळं एकाच भागात! सिसेरोचा प्रसंग काय सुरेख आहे. बाग, झाडाला लागलेली पीच, त्याला मारायला आलेला पुलो, व्होरेनसचा सैन्यातला सोबती, फळं दिसताच हरखतो आणि सिसेरो म्हणतो, हवी तेवढी घे. दोघंही किती साधेपणाने बोलतात. त्या शांततेत माझा जीव एक अख्खा भाग रमला असता. पण तो प्रसंग मनात उतरायच्या आत मॅसिडोनियात रणधुमाळी सुरू. प्रत्यक्षात फिलिप्पायला सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने दोन लढाया झाल्या. सगळं संपलं अशा गैरसमजात कॅशियसने पहिल्या लढाईत जीव दिला. मालिकेत दोन्हींची एकच लढाई केली आणि ती शोकांतिका हातची गेली.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या सीझनमध्येही सीझर आणि पॉम्पेची फार्सेलसची एवढी मोठी लढाई जेमतेम काही क्षणच आहे. पण तेव्हा आपण पुलो-व्होरेनसबरोबर ओसाड बेटावर होतो, साथीदारांची फुगलेली प्रेतं बांधून तराफा करत होतो. लढाई न दिसल्याचं मला जाणवलंसुद्धा नाही. ऑक्टेव्हियनने अँटनीला हरवलं त्या ॲक्टियमच्या आरमारी लढाईच्या वेळी मात्र जाणवलं. शेवटचा भाग सुरू होतो तेव्हा अँटनी हरलेला, होडीत बसलेला, आणि आठव्या-नवव्या भागांच्या मध्ये निसटलेली त्याची इजिप्तमधली वर्षं मी शोधत राहते.

आज रात्री पहिल्या सीझनचा सातवा भाग लावणार आहे. तो तराफा परत बघायचाय.