केसपेपरवरचा ‘जीएम’ नेमका कोणता?

शरीररचना_वर्ग: केसपेपरवर ‘उजवा जीएम ३/५’ (म्हणजे स्नायूची ताकद पाचपैकी तीन) एवढंच लिहिणं बंद व्हायला हवं. नितंबातले तीन स्नायू, ग्लुटिअस मॅक्सिमस, मीडियस, मिनिमस, तिघेही जीएमच. मॅक्सिमस मांडी मागे नेतो, त्याची नस (नर्व्ह) इन्फिरिअर ग्लुटिअल. मीडियस आणि मिनिमस मांडी बाजूला नेतात, एका पायावर उभं राहताना कंबर सावरतात. त्यांची नस सुपीरिअर ग्लुटिअल. उजवा मीडियस दुबळा असेल तर उजव्या पायावर उभं राहताच कंबर डावीकडे खाली जाते. अशा पेशंटला जीएम वाचून नुसते ब्रिजिंगचे, म्हणजे उताणं झोपून कंबर उचलण्याचे, मॅक्सिमसचे व्यायाम दिले, तर ती लचक तशीच राहणार.

वॉर्डफिजिओ: पटत नाही. शेजारी तपासणीची स्थिती लिहा, प्रश्न मिटला. ‘पालथा, गुडघा ९०°’ म्हणजे मॅक्सिमस. गुडघा वाकवला की हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंचा, जोर कमी होतो. ‘कुशीवर’ म्हणजे मीडियस. ओपीडीच्या गर्दीत पूर्ण नावं कोण लिहीत बसणार?

चालतपासणी: स्थितीवर विसंबू नका. कुशीवर असताना मांडी जराशी पुढे सरकली की टीएफएल, म्हणजे टेन्सर फॅशिए लॅटे हा कंबरेच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूचा स्नायू, जोर घेतो. नसही तीच, सुपीरिअर ग्लुटिअल. मग मिळालेला ४/५ मीडियसचा नसतोच. खालचा गुडघा वाकवा, वरची मांडी किंचित मागे, पायाची बोटं थोडी छताकडे. एक हात कंबरेच्या हाडावर घट्ट, दुसऱ्याने घोट्याजवळ खाली दाब. पाय पुढे घसरला तर आकडा लिहू नका, पुन्हा तपासा.

आणि ईएमजीच्या (स्नायूंतल्या विद्युत हालचालीच्या) आलेखांत जीएम म्हणजे पोटरीचा गॅस्ट्रोक्नेमिअस मीडियालिससुद्धा असतो!

वॉर्डफिजिओ: पोटरीचा मुद्दा मान्य. मग जीमॅक्स आणि जीमेड लिहू. पण जीमिन नको. मिनिमस मीडियसच्या खाली दडलेला, काम तेच. हाताने त्याची ताकद वेगळी मोजताच येत नाही. तो एमआरआयच्या रिपोर्टात शोभतो.

शरीररचना_वर्ग: जीमॅक्स-जीमेड तपासणीच्या नोंदीत चालतील. इंजेक्शनच्या ऑर्डरवर अजिबात नाही. व्हेंट्रोग्लुटिअल (कंबरेच्या बाजूच्या) जागी सुई मीडियसमध्ये जाते, डॉर्सोग्लुटिअलला (नितंबाच्या मागच्या बाजूला) मॅक्सिमसमध्ये, आणि तिथे जागा चुकली तर सायटिक नस दुखावते. शिवाय औषधाच्या कागदावर ‘१ जीएम’ म्हणजे १ ग्रॅम. तिथे जागेचं नाव पूर्णच लिहा.